घड्याळाकडे न बघणारा माणूस

लायनेल ट्रेम्बाथने शुक्रवारी दुपारभर त्या घड्याळाकडे बघितलं नाही. हे न बघणं त्याने इतक्या मेहनतीने केलं की संध्याकाळी त्याची मान दुखायला लागली.

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावच्या जुन्या मेथडिस्ट चर्चच्या हॉलात महिन्यातून एकदा लिलाव होतो आणि आदल्या दिवशी माल बघायला मांडून ठेवतात. ज्याला जे हवं असेल त्याने त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, असा तिथल्या व्यापाऱ्यांचा रिवाज. चांदीचे काटे-चमचे हवे असलेला माणूस घड्याळांपुढे रेंगाळतो. घड्याळ हवं असलेला ब्राँझच्या नर्तिकेच्या पोटरीवर टिचक्या मारून कान लावतो. आणि ज्याला नर्तिका हवी असते, तो मासे खायच्या सुऱ्यांवरचे शिक्के भिंगातून असे वाचत बसतो, की जणू त्यात त्याचं भविष्य लिहिलंय. परका माणूस त्या दिवशी हॉलात शिरला, तर त्याला वाटावं की या भागातल्या व्यापाऱ्यांना नको असलेल्या वस्तूंचं फारच वेड आहे.

लायनेल या रिवाजात चाळीस वर्षं मुरलेला. स्टर्ट स्ट्रीटमागच्या गल्लीत त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं, आणि त्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकावर तो इतका संशय घ्यायचा की काही जण वस्तू न घेताच माफी मागून जात.

ते घड्याळ काळ्या संगमरवराचं होतं. फ्रेंच, शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवायचं. माथ्यावर ब्राँझची स्फिंक्स, म्हणजे तोंड बाईचं आणि अंग सिंहाचं. तिचं नाक तुटलेलं होतं. ते नाक लायनेलने लहानपणी क्रिकेटच्या चेंडूने तोडलं होतं, हे जगात फक्त दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक स्फिंक्स.

लायनेलचे वडील जेबेझ ट्रेम्बाथ घड्याळं दुरुस्त करायचे. हे घड्याळ त्यांच्या दुकानाच्या खिडकीत असायचं, शेजारी 'विकायचं नाही' अशी पाटी. शाळेत जाणारी पोरं आणि कचेरीत जाणारी माणसं त्यावर आपली घड्याळं लावून घ्यायची. पुढे जेबेझचे हात थरथरायला लागले, दुकान मोडलं, आणि आवराआवरीत कुणीतरी पाटी काढून घड्याळ विकून टाकलं. लायनेल तेव्हा पार उत्तरेला, डार्विनकडे ट्रक चालवत होता. तो परत आला तेव्हा म्हातारा म्हणाला, "गेलं ते गेलं." पण नंतर मरेपर्यंत तो तास भरला की रिकाम्या भिंतीकडे बघायचा. लायनेल या धंद्यात का आला, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, ट्रक चालवून पाठ गेली. पाठ ठणठणीत होती.

आता नाक तर ओळखीचं होतं. पण आत काय? एका घड्याळाची पेटी आणि दुसऱ्याचं यंत्र जुळवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची पद्धत जुनी आहे. धंद्यात याला 'लग्न' म्हणतात, आणि बाकीच्या लग्नांसारखंच यातही बाहेरून काही कळत नाही. जेबेझला मात्र एक सवय होती. घड्याळ साफ केलं की आतल्या पितळी पत्र्यावर सुईने आपलं नाव आणि साल कोरायचं. मागचं झाकण उघडलं, नाव दिसलं, की संपलं. एका क्षणाचं काम.

फक्त हाताच्या अंतरावर डेस मॅबट सॉसेज रोल खात उभा होता.

डेस जिलाँगचा व्यापारी. तीस वर्षं दोघे एकमेकांच्या बोलीवर बोली चढवत आलेले. गळ्यात जिलाँगच्या फुटबॉल संघाचा मफलर, मिशीत कायम काहीतरी खाल्ल्याची खूण.

"लायनेल! अजून आहेस का तू?" डेस म्हणाला.

"तुझी गैरसोय होतेय का?"

"छे, छे. सांबर आवडलं वाटतं?"

लायनेल सांबराच्या एका पुतळ्यापुढे उभा होता. उंच, शिंगांचं, मान वर करून कुणावर तरी रागावलेलं. लांबून ब्राँझ वाटत होतं. लायनेलला जवळून बघून ठाऊक होतं की आत जस्त आहे आणि वर नुसता मुलामा.

"बरं आहे. शिंगांचं काम बघ."

"अर्धा तास बघतोयस मित्रा. वाढतायत का शिंगं?"

डेस हसला, बोटं मफलरला पुसली आणि सरळ चालत घड्याळापाशी गेला. मागचं झाकण उघडलं. बराच वेळ आत बघितलं. मग झाकण लावलं आणि वळून लायनेलकडे बघितलं.

लायनेलच्या मनात पाल चुकचुकली. रिवाजाप्रमाणे ज्याअर्थी डेसने उघडून बघितलं, त्याअर्थी त्याला ते नको. पण आपण असा विचार करू हे डेसला ठाऊक, म्हणजे त्याला ते हवं. आणि डेसला ठाऊक आहे हे आपल्याला ठाऊक, हेही त्याला... इथे सांबराकडे बघून लायनेलने विचार थांबवला. थोड्या वेळाने चांदीचा धंदा करणारी डेल्सफर्डची बाई आली, तिनेही झाकण उघडलं. मग बेंडिगोचे दोघे भाऊ. डेस प्रत्येकाच्या कानाशी लागून काहीतरी बोलत होता आणि प्रत्येक जण मान डोलावून चोरून लायनेलकडे बघत होता.

अख्ख्या हॉलात त्या घड्याळाच्या आत न बघितलेला एकच माणूस उरला.

शनिवारी सकाळी टोस्टला लोणी लावता लावता त्याच्या बायकोने, मर्लने, विचारलं, "उघडून बघितलंस एकदाचं?"

"डेस होता तिथे."

"मग?"

"त्याच्यासमोर उघडू? मग झालंच. किंमत कुठल्या कुठे नेईल तो."

"लायनेल, तू आमच्या घरी यायचास तेव्हा माझ्या बहिणीशी बोलत बसायचास. मला चार महिने वाटत होतं, तुला आयव्ही हवी आहे."

"ती युक्ती होती."

"आयव्हीलाही तसंच वाटत होतं. तिने पडदे शिवायला घेतले होते."

लिलाव सुरू झाला तेव्हा हॉलात तोंडातून वाफ निघत होती. जुलैच्या हिवाळ्यात बॅलरॅटला माणसं घरात कमी कपडे आणि लिलावात जास्त कपडे घालून बसतात, कारण घरी शेकोटी असते. मागे चहा सांभाळणाऱ्या नोरीनने मोठी किटली आणि लॅमिंग्टनचं, म्हणजे खोबरं लावलेल्या चॉकलेट केकचं, ताट मांडलं होतं. लिलाव पुकारणारा रॉस क्रॅडॉक मंचावर चढला, हातोडी टेबलावर आपटून बघितली आणि चांदीला हात घातला.

काटे गेले, चमचे गेले, सूप वाढायच्या पळ्या गेल्या. द्राक्षांचे घोस कापायची एक चांदीची कात्री आली, तेव्हा रॉस म्हणाला, "ज्यांच्याकडे द्राक्षं तोडायला हात नाहीत, त्यांच्यासाठी." तीही गेली.

मग सांबर आलं.

लायनेलने ठरवलंच होतं. आदल्या दिवशीचं सोंग पुरं करायचं, तर एखादी बोली लावायलाच हवी. आपण हात वर केला की डेस चिडून पुढची बोली लावेल, आपण माघार घ्यायची, आणि डेस जस्ताचं सांबर घेऊन जिलाँगला जाईल. त्याने हात वर केला.

"लायनेलकडून आली," रॉस म्हणाला. "आणखी कुणी?"

लायनेलने डेसकडे बघितलं. डेस लॅमिंग्टनवरचा खोबऱ्याचा कीस उडवत होता.

"आणखी कुणी? शिंगं बघा मंडळी. टोप्या टांगता येतील. नाही? लायनेलचं!"

हातोडी पडली.

"अभिनंदन," मर्ल हळूच म्हणाली. "कुठे ठेवायचं? पलंगाच्या माझ्या बाजूला नको."

लायनेलचं लक्ष डेसकडे होतं. डेसने बोली लावली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे डेस आज काहीतरी वेगळंच शिजवतोय. लायनेलच्या मानेवर घाम आला, तोही त्या थंडीत.

तेवढ्यात मंचावर घड्याळ आलं. स्फिंक्सने बिननाकाच्या चेहऱ्याने सरळ लायनेलकडे बघितलं.

"फ्रेंच, संगमरवरी, नाकाला जरा मार," रॉस म्हणाला. "पाचशेपासून सुरू करू?"

कुणी हललं नाही.

"तीनशे? दोनशे?"

डेल्सफर्डच्या बाईने पर्समधून रुमाल काढला. बेंडिगोच्या भावांना एकाच वेळी छतावर काहीतरी दिसलं. डेसने हाताची घडी घातली आणि लायनेलकडे बघून भुवया उंचावल्या.

या धंद्यात शांतता ही सगळ्यात वाईट खूण. चांगल्या घड्याळावर व्यापारी गिधाडांसारखे तुटून पडतात. इथे सगळ्यांनी आत डोकावून बघितलं होतं, आणि आता एकही हात वर येत नव्हता. लायनेलला एकदम सगळं कळलं. आत बाबांचं यंत्र नाही. कुणीतरी काढून नेलं. आत बॅटरीवर चालणारं काहीतरी बसवलेलं असणार, नाहीतर अगदीच रिकामं. सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळे वाट बघतायत की म्हातारा ट्रेम्बाथ बापाच्या रिकाम्या पेटीसाठी हात वर करतो का. नंतर चहा पिताना हसायला.

"शंभर?" रॉस म्हणाला. त्याचा आवाज जरा विचित्र झाला होता, आणि तो सरळ लायनेलकडे बघत होता. "कुणीच नाही? लायनेल?"

रॉससुद्धा सामील आहे तर!

लायनेलचा हात मांडीवर होता. तो वर यायला निघाला होता, खरं सांगायचं तर अर्धा आलाही होता. मर्लने कोपर मारलं. डेसच्या भुवया कपाळ सोडून जायच्या बेतात होत्या. लायनेलने हात परत मांडीवर दाबला आणि वर दुसरा हात ठेवला.

"साठ," मागून एक आवाज आला. मेलबर्नहून आलेली, लोकरी टोपी घातलेली एक तरुण बाई. "आमच्या कॅफेत फळीवर छान दिसेल. चालत नसलं तरी चालेल, आम्ही आतलं काढून झाड लावणार आहोत."

हॉलात कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला.

"साठ आलेत," रॉस म्हणाला, आणि पुकारणाऱ्याने करू नये इतका वेळ थांबला. "साठ... एकदा... लायनेल, तू झोपलायस का?... दोनदा..."

"सत्तर!" डेस ओरडला.

कॅफेवाल्या बाईने खांदे उडवले. हातोडी पडली.

लायनेलने डोळे मिटले. म्हणजे हवं होतं त्याला! हाताची घडी, भुवया, सगळ्यांच्या कानात कुजबुज, सगळं नाटक. आपण गप्प बसावं म्हणून. आणि आपण बसलो.

लिलाव आटोपल्यावर मागच्या दाराशी तो गाडीत सांबर चढवायच्या खटपटीत होता. शिंगं दारात अडकत होती. काखेत घड्याळ धरून डेस आला.

"हे घे."

"काय घे?"

"घड्याळ. तुझ्या बाबांचं. घेऊन जा एकदाचं."

लायनेलने घड्याळाकडे बघितलं नाही. डेसकडे बघितलं.

"काय बिघडलंय त्यात?"

"काही नाही."

"मग देतोस कशाला?"

डेसने आभाळाकडे बघितलं. मिशीतलं खोबरं पुसलं. थोडा वेळ विचार केला.

"बरं," तो म्हणाला. "फुकट नाही देत. ते सांबर दे मला."

"सांबर?" लायनेलचे डोळे बारीक झाले. "काल तर हसत होतास त्याला."

"हसणारच. हवं होतं ना मला."

"मग बोली का नाही लावलीस?"

"तुला कळलं असतं ना, मला हवंय म्हणून."

दोन दिवसांत डेसने केलेलं हे पहिलंच बोलणं लायनेलला पटलं. त्याचे खांदे सैल झाले. लगेच दुसरी काळजी लागली. त्याने खिशातलं नाणं काढून सांबराच्या पोटाखाली खरवडलं. राखाडी जस्त. पाय खरवडला. जस्त. तरी डेससारखा माणूस उगाच मागेल?

"आधी उघडून बघू दे," तो म्हणाला.

डेसने घड्याळ गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि पाठ फिरवून मफलर नीट करायला लागला. लायनेलने मागचं झाकण उघडलं. पितळेवर बारीक, तिरकी अक्षरं होती: जे. ट्रेम्बाथ. खाली साल. त्याखाली पुन्हा तेच नाव, पुढचं साल. एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारखी. खाली खाली अक्षरं थरथरत गेली होती. शेवटच्या नावातला 'थ' पत्र्याच्या कडेबाहेर घसरला होता.

लायनेलने त्या 'थ'वर बोट ठेवलं.

"झालं का?" डेसने पाठमोऱ्यानेच विचारलं. "माझी मॅच सुरू झालीय रेडिओवर."

"आणि सांबर अस्सल निघालं तर?"

"तर माझं नशीब."

लायनेलने सांबर उचलून दिलं. एक शिंग मात्र त्याच्या मुठीत जरा जास्तच राहिलं. डेसला दोनदा ओढावं लागलं.

घरी जाताना घड्याळ मर्लच्या मांडीवर होतं.

"नोरीन सांगत होती," मर्ल म्हणाली, "काल डेसने झाकण उघडलं, नाव वाचलं आणि सगळ्यांना बजावलं. म्हणाला, हे जेबेझचं घड्याळ आहे, त्याच्या पोराला घेऊ द्या, कुणी हात वर करायचा नाही. रॉसलाही सांगून ठेवलं होतं. सगळे तू हात वर करायची वाट बघत बसले होते, आणि तू हातावर हात धरून बसलास."

लायनेल गाडी चालवत राहिला. तळं मागे गेलं. त्याचा चेहरा दोनदा मऊ झाला आणि दोनदा परत कडक झाला.

"असं म्हणाला तो?"

"असंच."

पुढच्या सिग्नलला त्याने गाडी थांबवली.

"मग त्याला सांबर कशाला हवं होतं?"

वसंतात मर्ल आयव्हीला भेटायला जिलाँगला गेली, तेव्हा वाटेत डेसच्या घरी डोकावली. सांबर परसात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभं होतं. एका शिंगाला पाण्याची नळी गुंडाळलेली, आणि पाठीवर एक तांबडी कोंबडी डोळे मिटून बसलेली. तिने घरी येऊन सगळं सांगितलं.

"लपवलंय," लायनेल म्हणाला. "कोंबडी मुद्दाम बसवलीय वर. कुणी बघू नये म्हणून."

घड्याळ आता त्यांच्या शेकोटीवर असतं. शेजारी 'विकायचं नाही' अशी पाटी, लायनेलच्या हातची. तास भरला की तो खुर्चीतून उठतो, खिडकीबाहेर कुणी नाही ना हे बघतो, पडदा ओढतो, आणि मग घड्याळाकडे बघतो. पोटभर.