पाठीवर दुसरीचं नाव

मी ४१२७ बोलतोय. घाबरू नका, कैद्याचा नंबर नाही. मॅरेथॉनमध्ये पळणारे छातीवर जो नंबर लावतात ना, तो मी. पळणारी मंडळी मला बिब म्हणतात. दिसायला कागद, पण घामाने फाटत नाही. चार कोपऱ्यांत चार सेफ्टी पिना आणि आयुष्य जेमतेम एका सकाळचं.

आमचं तोंड सगळे बघतात. त्याच्यासोबत फोटो काय, मिरवणं काय! पाठ मात्र कोणी बघत नाही, आणि खरं काम तिथेच असतं. पाठीवर बारीक अक्षरात रकाने छापलेले असतात. नाव, रक्तगट, आजार, कुठलं औषध चालत नाही, आणि काही झालंच तर फोन कोणाला करायचा. पळणाऱ्याने ते आदल्या दिवशी पेनाने भरायचे असतात. बहुतेक जण कंटाळा करतात. माझी मालकीण मात्र पोस्टातली कारकून. तिने एकही रकाना मोकळा सोडला नाही. आजार काही नाही, न चालणारं औषध काही नाही, फोन दादाला. अक्षर असं की फळ्यावरचा सुविचार वाटावा. मला फार बरं वाटलं.

आणि तासाभरातच बाई जिन्यावरून घसरली. घोटा सुजून टम्म झाला.

ती राहायची दादा-वहिनीकडे. दादा लिफ्ट दुरुस्त करणारा, वहिनी शाळेच्या प्रयोगशाळेत. गेले चार महिने नणंद-भावजय रोज पहाटे एकवीस किलोमीटरच्या तयारीला बाहेर पडत होत्या, पण नाव फक्त नणंदेनेच नोंदवलं होतं. कारण दादाचं ठाम मत होतं, "या उन्हात पळणं म्हणजे हौसेने तव्यावर बसणं." बहिणीपुढे त्याचं काही चाललं नाही. बायकोने वाद नको म्हणून विषय सोडून दिला होता.

"वहिनी, तू जा माझ्या जागी," नणंद पाय उशीवर ठेवून म्हणाली. "दादाला सांग, पाणी वाटायला चाललेय."

बिब दुसऱ्याला द्यायचा नाही, असं माझ्यासोबत मिळालेल्या पिशवीतल्या कागदावर ठळक छापलं होतं. दोघींनी ते वाचलं आणि कागद घडी करून परत ठेवला.

वहिनीने मला उलटं केलं. "अगं, पण हे सगळं तुझं आहे. आणि मला ते उलटीचं इंजेक्शन चालत नाही. गेल्या वर्षी घसा सुजून श्वास अडकला होता, विसरलीस का?"

"तुला कशाला होतायत उलट्या? मजेत जायचं, मजेत यायचं. आणि खाडाखोड नको हं. खाडाखोड दिसली की संशय येतो. आमच्या ऑफिसात असला कागद परत पाठवतात."

मला ओरडावंसं वाटलं. पण मी पडलो बिब.

सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. खरं सांगतो, पहिले दहा किलोमीटर माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर. वहिनीला कुठे पहिला नंबर काढायचा होता! चौकात बँड वाजत होता, तिथे ती थांबून नाचली. एका आजोबांनी अंगणातल्या नळीने पाणी उडवलं, तर ही परत फिरून दुसऱ्यांदा भिजून आली. मागून एक जण ओरडला, "मावशी, घड्याळ बघा!" ती म्हणाली, "तू बघ बाबा, मी झाडं बघतेय."

पण ऊन काही मजा करायला आलं नव्हतं. साडेआठपर्यंत डांबर तापलं. झाडं संपली आणि उड्डाणपूल लागला. मी तिच्या छातीवरच होतो, म्हणून मला आधी कळलं. सकाळपासून चिंब असलेला मी कोरडा पडू लागलो. तिला घाम यायचा थांबला होता. माझ्याखाली छाती धाडधाड उडत होती. थांब गं बाई, मी मनात म्हणत होतो, बस कुठेतरी. ती हसत होती, पण ते हसणं कशावर होतं ते तिलाही माहीत नसावं. सतराव्या किलोमीटरला ती उलट्या दिशेने चालायला लागली आणि दुभाजकाला धरून खाली बसली. मग आडवी झाली.

मदतीच्या तंबूत तिला बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरींत गुंडाळलं. भडाभडा उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नाव काय यांचं?" एका चष्मेवाल्या काकांनी मला उलटं केलं आणि वाचलं. मग सगळे तिला नणंदेच्या नावाने हाका मारू लागले. कानाशी, जोरजोरात. ती ओ कशी देणार? एकदाच डोळे किलकिले करून पुटपुटली, "ती घरी आहे."

"बरळतायत," डॉक्टर म्हणाल्या. "नावालाही ओ देत नाहीत. घरी फोन लावा."

काकांचे हात ओले, म्हणून फोन स्पीकरवर होता. दादाचा आवाज आला.

"तुमची बहीण मॅरेथॉनमध्ये बेशुद्ध पडलीय," काका म्हणाले.

"माझी बहीण माझ्यासमोर चहा पितेय," दादा म्हणाला. "लोकांना फसवायला दुसरा धंदा नाही का तुम्हाला?" आणि फोन कट.

काकांनी पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला.

"उलटी थांबायलाच हवी, इंजेक्शन भरा," डॉक्टर म्हणाल्या. "काही चालत नाही असं लिहिलंय का?"

काकांनी मला पुन्हा वाचलं. "काही नाही. स्वच्छ लिहिलंय अगदी."

त्या स्वच्छ अक्षराची मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. एखाद्या उलटीने माझ्यावरची शाई पुसून जावी, निदान कोणाला शंका तरी यावी, असं मला वाटत होतं. सुई भरली. दंडावर कापूस फिरला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. नणंद रडत, ओरडत बोलत होती. "ती मी नाही! माझी वहिनी आहे ती! तिला उलटीचं इंजेक्शन देऊ नका, घसा सुजतो तिचा!"

डॉक्टरांनी सुई धरलेला हात तसाच मागे घेतला. फोनवरून खरं नाव विचारून घेतलं, खाली वाकल्या आणि त्या नावाने हाक मारली.

"हं," वहिनी म्हणाली.

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. फोन कट करून दादा हसत बहिणीला म्हणाला होता, "ऐकलंस का, तू बेशुद्ध पडलीस म्हणे." तिच्या हातातली कपबशी खाली पडली आणि मग सगळं बाहेर आलं.

दवाखान्यात वहिनीला दुसऱ्या खाटेवर हलवताना एका नर्सने मला काढून दादाच्या हातात दिलं. त्याने पाठ वाचली. रकान्यांतला स्वतःचा नंबर बराच वेळ बघितला.

"चूक माझी आहे, दादा," नणंद म्हणाली.

"असेल. पण फोन मी कट केला."

वहिनी तिसऱ्या दिवशी घरी आली. दादाने तिला एकच प्रश्न विचारला, "पळायचं होतं तर मला सांगितलं का नाहीस?" उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. पुढच्या वेळी ती स्वतःच्या नावाने पळणार आहे, आणि दादा सतराव्या किलोमीटरला पाणी घेऊन उभा राहणार आहे.

मी आता दादाच्या पाकिटात, चार घड्या होऊन असतो. तुम्हाला एकच विनंती. माझ्या भावंडांची पाठ भरताना आळस करू नका, आणि चुकलं तर बिनधास्त खोडा. अक्षर वाईट चालेल, माणूस खरा लिहा.

दादा आता अनोळखी नंबर सोडत नाही. कालच कोणी मुलगी फ्लॅट विकायला फोन करत होती. तो अर्धवट उघडलेल्या लिफ्टसमोर काम करत होता. पान्हा खाली ठेवला, ताठ उभा राहिला. तिने तोंड उघडण्याआधीच म्हणाला, "बोला, कोणाला काय झालंय?"