सात नंबरचा डबा

मित्रांनो, माझ्यासाठी आकाशात उपग्रह फिरतात. ते इतरही कामे करत असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी एक जुना, दोन लिटरचा, प्लॅस्टिकचा डबा आहे.

माझा जन्म साच्यात झाला. मिनिटाला आम्ही चार जण जन्मत होतो, त्यामुळे बारसे वगैरे काही झाले नाही. पुढे सात भावंडांच्या संचातून मी एका घरी आलो. त्या घरची बाई ग्रंथालयात काम करायची. तिला आपण थोरली म्हणू, कारण तिला एक धाकटी बहीण आहे आणि ती या गोष्टीत लवकरच येणार आहे. थोरलीने आल्या दिवशी आम्हाला पालथे घालून प्रत्येकाच्या बुडावर लाल नेलपॉलिशने नंबर घातला. झाकणांवरही घातला. मी सात. चारी बाजूंच्या कड्या टक्-टक् लावल्या की आत मुंगीच काय, वाससुद्धा शिरत नसे. मी मीठ सांभाळत होतो. हे काम वाटते तेवढे सोपे नाही. पण त्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत.

थोरलीच्या नवऱ्याचे चष्म्याचे दुकान. दुसऱ्यांना नीट दिसते की नाही हे तपासण्यात त्याचा दिवस जायचा. एका उन्हाळ्यात त्याला जिओकॅशिंगचा नाद लागला. खेळ साधा आहे. कुणीतरी एक डबा बाहेर कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीचे लोक हातात मोबाइल धरून, उपग्रहांच्या मदतीने तो शोधतात, आतल्या वहीत सही करतात, हवी तर एखादी वस्तू उचलतात, बदल्यात दुसरी ठेवतात, आणि डबा होता तिथे ठेवून घरी जातात. चांगली शहाणीसुरती माणसे हे करतात, मी पाहिले आहे.

चष्मेवाल्याला स्वतःचा डबा लपवायची हौस आली. त्या रविवारी धाकटी जेवायला आली होती आणि उरलेले डब्यांत भरून घेऊन गेली होती. मीठ संपल्यामुळे मी धुऊन ओट्यावर पालथा होतो. त्याने मला उचलले. माझे झाकण चटकन दिसेना, म्हणून पाच नंबरचे झाकण बसवले. ते बसले, पण लागले नाही. त्याने वरून रबरबँड लावला आणि मला आपल्या बॅगेत कोंबले.

पुढचे सगळे मी बॅगेतून ऐकले.

"अहो, सात नंबर दिसत नाहीये. त्याचं झाकण आहे, पण पाचचं झाकण नाही."

तो सांगणारच होता. पण तेवढ्यात थोरलीच म्हणाली, "धाकटीने नेला असणार. सातचा डबा आणि पाचचं झाकण! अशी जोडी तीच लावू जाणे."

आणि चष्मेवाला म्हणाला, "असेल."

मित्रांनो, तो एवढेच म्हणाला. थोरलीने लगेच फोन लावला. धाकटी म्हणाली, कुठला डबा? थोरली म्हणाली, कुठला काय, माझा, परत कर. मग बराच वेळ डब्याचा विषयच निघाला नाही. लहानपणापासून कुणी कुणाचे काय काय नेले हे निघाले. त्यानंतर दोन वर्षे धाकटी त्या घरी आली नाही.

इकडे माझा उत्कर्ष चालला होता. गावाबाहेरच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकामागे, एका सपाट दगडाखाली माझे ठाणे होते. मिठाच्या काळात मला शोधायला कुणी आले नव्हते. आता माणसे घामाघूम होऊन यायची. सुट्टीत तर कुटुंबेच्या कुटुंबे. एक पोस्टमन मला तीन मिनिटांत शोधून, सही करून, पाणी पिऊन निघून गेला. एक जोडपे भांडत आले, भांडतच शोधले आणि दोघांनी वेगवेगळ्या पानांवर सह्या केल्या. एका निवृत्त मोजणीदाराने वहीत लिहिले, 'जागा दोन मीटर चुकली आहे. बाकी उत्तम.' एकूण दोनशे बारा सह्या. मिठाच्या एकाही डब्याने हा आकडा गाठल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पण झाकण पाचचे होते. पावसाचे पाणी आत यायचे. वहीतला मजकूर बदलू लागला: 'डबा छान, वही ओली.' 'वही फारच ओली.' शेवटी एकाने लिहिले, 'वही कुठली आणि लगदा कुठला, कळत नाही.' मग खेळाची देखरेख करणाऱ्यांनी चष्मेवाल्याला कळवले, की महिनाअखेर डबा दुरुस्त करा, नाहीतर नकाशावरून काढू.

तो माझ्याशेजारी डोके धरून बसला. आसपास कुणी नसले की तो माझ्याशी बोलायचा, कारण घरी या विषयावर बोलायची त्याला सोय नव्हती. माझे खरे झाकण थोरलीने टाकले नव्हते. डबा परत येईल तेव्हा लागेल म्हणून ठेवले होते, आणि तोवर त्यावर फळे कापत होती. सहलीला जाताना तर पिशवीत हटकून घ्यायची. तेव्हा तिला सहलीला न्यायचे, खाऊन झाले की झाकण धुवायला म्हणून उचलायचे, माझ्यावर बसवायचे आणि पाचचे परत न्यायचे, असा त्याचा बेत ठरला. बेत बरा होता. त्यात भिंगरी धरलेली नव्हती.

भिंगरी ही धाकटीची नऊ वर्षांची मुलगी. सुट्टीत तिलाही हाच खेळ खेळायचा होता. सहलीचे कळताच तिने परस्पर मावशीला फोन केला. "मावशी, आईपण येते म्हणाली सहलीला. पण ती तुझ्याशी बोलणार नाहीये, चालेल ना?"

"चालेल," थोरली म्हणाली. "मीही बोलणार नाहीये."

अशी ती चौघे टेकडीवर आली. दोघी बहिणी एकाच बाकावर, मध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा सोडून बसल्या. थोरलीने पिशवीतून कलिंगड काढले आणि माझे झाकण मांडीवर घेऊन कापायला लागली. मी त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर. दोन वर्षांनी दगडाच्या फटीतून झाकण दिसले.

"काका, मोबाइल दाखवतोय, इथेच आहे!" भिंगरी ओरडली.

"इथे नाही गं, टाकीपलीकडे बघ."

"टाकीपलीकडे बघितलं."

"मग झाडावर बघ."

"दुकानात लोकांना दाखवता तेवढं बास, भाऊजी," धाकटी म्हणाली. "तिचं तिला शोधू द्या."

आणि दगड सरकला. भिंगरीने मला दोन्ही हातांनी वर धरले. माझ्या आयुष्यातला तो दोनशे तेरावा शोध. थोरलीने मान वळवली. सुरी हातातच राहिली.

"आण बघू इकडे."

तिने रबरबँड काढला. पाचचे झाकण बाजूला ठेवले. आतली वही आणि वस्तू बाकावर ओतल्या. मला पालथे केले. लाल नेलपॉलिश थोडी उडाली होती, पण सात तो सातच. मग कलिंगडाच्या फोडी भिंगरीच्या ओंजळीत देऊन तिने मांडीवरचे झाकण रुमालाने पुसले आणि माझ्यावर ठेवले. टक्. टक्. टक्. टक्.

"अहो," ती म्हणाली.

"सांगणारच होतो."

"कधी?"

"त्याच दिवशी. पण तू आधी तिचं नाव घेतलंस, म्हणून मग मी..."

"काय?"

"असेल म्हणालो."

"दोन वर्षं, भाऊजी!" धाकटी उठूनच उभी राहिली. "दोन वर्षं मी कुणाच्याही घरून जाताना पिशवी उघडून दाखवावी की काय, असा विचार करत निघतेय!"

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. काही उपयोग झाला नाही.

थोरली खाली बघत म्हणाली, "तुला असं विचारायला नको होतं मी."

"विचारलं कुठे होतंस? परत कर म्हणालीस."

"हो," थोरली म्हणाली. "तसंच म्हणाले."

भिंगरीने ओंजळीतली एक फोड संपवली. मग थोरलीने मला धाकटीच्या मांडीवर ठेवले. "घे. आता माझ्यादेखत ने."

"मला नकोय तुझा डबा."

"घे गं. आळ आलाच आहे, तर डबा तरी मिळू दे."

धाकटी आधी हसू आवरत होती. मग तिला ते आवरले नाही.

"मावशी, डबा न्यायचा नसतो!" भिंगरी म्हणाली. "नियम आहे!"

"काकांनी आणला तेव्हा नियम वाचला होता का विचार त्यांना."

वहीचे एक पान कोरडे निघाले. थोरलीने तारीख घालून लिहिले, 'सापडला.' खाली धाकटीने लिहिले, 'मी नेला नव्हता.' त्याखाली चष्मेवाल्याला लिहायला लावले, 'मी नेला होता.' माझ्या कारकिर्दीतला हा सर्वात नेमका मजकूर आहे. मग त्याने खिशातले चष्म्याचे घर रिकामे करून माझ्या जागी ठेवले. नवीन वही त्यात मावत नाही. लोक चिठोऱ्यावर सही करतात. त्याला शुभेच्छा आहेत.

अर्धे कलिंगड उरले होते, म्हणून माझे झाकण काढून त्यावर तेही कापले गेले. दोघी बहिणी आता चिकटून बसल्या होत्या.

मित्रांनो, डब्यांची काळजी घ्या. डबा नेलात तर सांगून न्या, आणि 'असेल' म्हणण्याआधी आपल्या बॅगेत एकदा बघा.

सध्या मी धाकटीच्या ओट्यावर असतो. माझ्यात मीठ आहे. झाकण थोरलीने सवयीने पुसून आपल्याच पिशवीत टाकले. धाकटीच्या ते लक्षात आहे; पण सगळे नुकतेच जुळले आहे, म्हणून ती मागत नाही. माझ्यावर एक बशी असते.