कालिंदीकाकूचं जिवंत असणं

तुम्ही कुणी विश्वास ठेवणार नाही, पण गंगेकाठी रामघाटावर राहणाऱ्या कालिंदीकाकूला मी नावेत बसवून सरकारी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं आहे.

काकू निपुत्रिक विधवा, दोन्ही गुडघे निकामी. विधवांच्या पेन्शनसाठी दरसाल स्वतः जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागे, आणि ते बघणारे बडे बाबू बसत दोन जिने वर. एका साली काकूला चढणं जमलं नाही, तर यादीत तिच्या नावापुढे 'मृत' लिहून मोकळे झाले. बाबूंनी खाली यावं म्हणून मी किती हात जोडले. ते म्हणाले, "पंडितजी, मुर्दे के लिए हम नीचे क्यों उतरें?"

मग चौऱ्याण्णवच्या भाद्रपदात गंगा चढली. गल्ल्या बुडाल्या, कचेरीचे जिनेही बुडाले. मी काकूला नावेत घातलं आणि वल्हवत थेट बाबूंच्या खिडकीशी गेलो. काकूनं गजांतून हात घालून त्यांचं मनगट धरलं. म्हणाली, "बघा, गरम लागतोय ना हात?" बाबूंनी मुकाट्यानं शिक्का मारला. परतताना काकू एवढी हसली, की नाव डुलायला लागली.

"काका, हे खोटं आहे," ऐकत बसलेली मधुवंती म्हणाली. ती काकूची भाची. शेवटपर्यंत काकूचं सगळं तिनंच केलं. "नाव घेऊन येतो म्हणालात, म्हणून मावशी धुतलेलं लुगडं नेसून दोन दिवस दारात बसून होती. तुम्ही आलाच नाहीत."