चाळीस एकर, पण रस्ता नाही

आमच्या ह्यांनी उत्तर ॲरिझोनात चाळीस एकर जमीन घेतली, ती मला न विचारता आणि स्वतः न बघता. आम्ही राहत होतो त्या चँडलर शहरातून पुण्याच्या वास्तुतज्ज्ञाला फोन करकरून प्लॉट चौरस आहे ना, उतार ईशान्येला आहे ना, सगळं पारखलं. तिथे जायला रस्ता आहे का, एवढं विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. आणि म्हणे चिप बनवणारे इंजिनिअर!

रिटायर झाल्यावर तिथे घर बांधायचं, असं ह्यांचं, म्हणजे पुरुषोत्तमांचं, ठरलेलं. मला परत नागपूरला जायचं होतं. घर उभं राहिलं की माझं परतणं संपलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी २००४च्या मार्चमध्ये भूमिपूजनाचं सामान गाडीत मीच भरलं.

हायवे सोडून धुरळ्यातून गेलो, तर पुढे तारेचं कुंपण आणि कुलूपबंद फाटक. पलीकडून डोना नावाची साठीची बाई पिकअप घेऊन आली. सभोवारची जमीन तिची, गुरं चारायला ठेवलेली. आमचा नकाशा बघून तिनं मान हलवली.

"पूर्वी इथे रेल्वे टाकायला कंपनीकडे पैसा नव्हता," ती इंग्रजीत सांगू लागली. "म्हणून सरकारनं रुळांच्या दोन्ही बाजूंना मैलामैलाचे चौकोन आखले. एक रेल्वेला दिला, शेजारचा स्वतःकडे ठेवला, बुद्धिबळाच्या पटासारखा. रेल्वेचे इथले चौकोन माझ्या पणजोबांनी घेतले. तुमचा तुकडा सरकारी चौकोनातला, त्यातलं बाकीचंही पुढे आम्हीच घेतलं. जमीन तुमची, पण जायचं माझ्या जमिनीवरून."

मला नवल वाटलं. आगगाडी आली की आपल्या चौकोनाचाही भाव चढेल, म्हणून सरकारनं एकाआड एक देऊन टाकलं. देश या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडला आणि शेजाऱ्याकडे जायची सोय मात्र कुणी बघितली नाही. आमच्या घरात तरी वेगळं काय होतं?

"आय विल गो टु कोर्ट," हे तणतणत गाडीकडे वळले. मी मागे गेले, तर हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले.

"कॅन्सल करू सगळं. जमीन विकून टाकू," ते म्हणाले. "तुला नागपूरला जायचंय ना? जाऊ."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते असं सहज हातात आलं. नुसतं हो म्हणायचं होतं. पण त्यांचा चेहरा पार उतरला होता आणि मला फार वाईट वाटलं. या चेहऱ्याच्या माणसाबरोबर नागपुरात मी कशी राहणार होते?

मी फाटकापाशी परत गेले. "आम्हाला कायमचा जायचा हक्क लिहून द्याल का?" मी डोनाला विचारलं.

"देईन की," ती म्हणाली. "गुरं बाहेर जाऊ देऊ नका म्हणजे झालं."

गाडीत येऊन मी तसं सांगितलं. ह्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले.

"शोभा, तुला काय वाटतं? बांधायचं का इथे घर?"

जमीन घेताना हा प्रश्न आला नव्हता. अमेरिकेत यायचं ठरलं तेव्हाही आला नव्हता. आता हे हरून नव्हे, मला विचारून ठरवत होते, आणि माझं उत्तर तयार होतं.

"नाही," मी म्हटलं. "मला घरी जायचंय, नागपूरला."

ह्यांनी वाद न घालता गाडी वळवली.