हक्कसोड

आप्पा गेले त्याच्या चौदाव्या दिवशी त्यांच्या गाण्यांची वाटणी झाली, आणि रत्नप्रभानं आपला अर्धा हिस्सा भावाला सोडून दिला.

बार्शीत आप्पा टेकाळ्यांचे कर्णे ज्याच्या मांडवावर चढले नाहीत असं लग्नघर सापडलं नसतं. रेकॉर्डच्या काळात सुई ठेवायचं काम रत्नप्रभाचं असे. सात वर्षांची पोर स्टुलावर उभी राहून वरातीला काय लागायचं आणि नवरी सासरी निघताना काय लागायचं ते ठरवायची. चुकली तर आप्पा रागवत नसत. नुसती सुई उचलत आणि तिच्याकडे बघत. पुन्हा ती तशी चुकत नसे. उद्धव तिच्याहून चार वर्षांनी लहान. त्याला गाण्यांचं कधी काही वाटलं नाही. तो वायरी गुंडाळायचा, आणि पुढे धंदाही त्यानंच चालवला.

मोजणीदार शेटे सकाळी दहाला आले. त्यांनी पिशवीतून साखळी काढली आणि आप्पांची गाणी मोजून घेतली. कपाटापासून दारापर्यंत, दारापासून नळापर्यंत, आणि नळाच्या पुढं थोडी शेजाऱ्यांच्या हद्दीत गेलेली. मग चहा पिता पिता विचारलं, "समान करायची, का बाई सोडतायत?"

"अक्का सोडतीय," उद्धव म्हणाला. "बहिणी सोडतातच."

रत्नप्रभाला जरा गंमतच वाटली. कान आपले, हवा सगळ्यांची. त्यात सोडायचं काय आणि धरायचं काय? तिनं आईकडे पाहिलं. आई लसूण सोलत होती.

"सही कर बाई," आई म्हणाली. "येणंजाणं राहू दे."

कागद दोन पानी होता. तिनं वरचं पान वाचलं आणि खालच्या पानावर सही केली. शेट्यांनी शाईवर फुंकर घातली. काही झालं नाही. उद्धवनं तिला स्टँडवर सोडलं आणि खिडकीतून केळी दिली.

लातूरच्या ट्रॅव्हल्समध्ये ड्रायव्हर अंगठ्यानं स्टिअरिंगवर ठेका धरून होता. शेजारची बाई मान डोलावत होती. मागचे दोन म्हातारे एकाच वेळी डोळे मिटून बसले होते. रत्नप्रभाला इंजिन ऐकू येत होतं, कुणाचं तरी मूल रडत होतं तेही ऐकू येत होतं. मध्येच एका कुकरची जाहिरात खणखणीत लागली. ती संपली, आणि सगळ्यांच्या माना पुन्हा हलायला लागल्या.

"मावशी, गाणं चालू आहे का?"

"हो की. किती दिवसांनी लागलंय."

"कुठलं?"

बाईनं म्हणून दाखवलं. ओठ हलले, गळ्याची शीर फुगली, दात दिसले. आवाज आला नाही. मग, "आठवलं का?" एवढं स्वच्छ ऐकू आलं.

येडशीला गाडी थांबली तेव्हा रत्नप्रभानं खाली उतरून उद्धवला फोन लावला.

"मला गाणी ऐकू येईनात."

"येणार नाहीतच," उद्धव म्हणाला. "तू सोडलीस ना."

"अरे, हे आप्पांचं नव्हतं. परवाचं, नवीन होतं."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. उद्धव सावकाश वाचू लागला. "सदर गाणी, तसेच सदर गाण्यांमुळे लिहून देणार यांस पुढे जी जी आवडतील ती." तो थांबला. "खालच्या पानावर आहे, अक्का. तू तिथंच सही केलीयस."

लातूरच्या घरात ती आणि कॉलेजात जाणारी तन्वी अशा दोघीच होत्या. नवऱ्याची बदली नांदेडला झाली होती. दार उघडलं तशी ती चपला न काढता उभी राहिली. तन्वीच्या खोलीतून गाणं ऐकू येत होतं. भांडल्यासारखं भरभर बोलणं आणि खाली धाड धाड ठोके. या गाण्यांवरून मायलेकींची रोज वादावादी व्हायची. रत्नप्रभा आत जाऊन पलंगाच्या कडेला बसली.

"बंद करू?" तन्वीनं विचारलं.

"नको. मोठं कर."

तन्वी बघत राहिली. त्यांनी पाच गाणी ऐकली. रत्नप्रभाला ती सगळी भयंकर वाटली, आणि ती तृप्त होऊन ऐकत राहिली. सहाव्या गाण्यात गाणारा मुलगा बोलता बोलता दमला. ठोके थांबले, आणि त्याचा आवाज एकटाच खालच्या सुरात आला, घरी परत आलेल्या माणसासारखा. रत्नप्रभाच्या मनात आलं, हे बरंय. त्याच क्षणी खोली शांत झाली. मोबाइलच्या पडद्यावर तो मुलगा तोंड हलवत होता. तन्वीचा पाय हलत होता.

"काय झालं, आई?"

"आवडलं," रत्नप्रभा म्हणाली.

पुढचे दिवस ती जपून राहिली. काहीही कानावर आलं की मनाला आवरायची, नावं ठेवायची. तरी एकेक जात राहिलं. आधी देवळातली घंटा गेली. मग भंगारवाल्याची आरोळी. तीही आपल्याला आवडत होती हे ती गेल्यावरच तिला कळलं. शुक्रवारी सकाळी ती कपडे वाळत घालत होती. मागं वळली तर तन्वी दारात उभी.

"मीठ कुठंय? कधीची हाका मारतीय तुला."

तन्वी हाक मारताना 'आई'मधला शेवट लांबवून वर न्यायची, अगदी रांगत होती तेव्हापासून. रत्नप्रभानं तिला पुन्हा हाक मारायला लावली. तन्वीनं तोंड उघडलं, हनुवटी वर गेली, आणि तोंड मिटलं.

दुपारच्या गाडीनं रत्नप्रभा बार्शीला आली.

उद्धव गोदामात कर्ण्यांच्या मधोमध बसला होता. दाढी वाढलेली, दोन्ही कानांत कापूस. समोरच्या पत्र्याच्या पेटीवर त्याची दहाही बोटं ठेका धरून चालली होती. त्यानं ती दाबून धरली, तरी थांबेनात.

"कुणी कुठं काही लावलं की येतंय," तो म्हणाला. "तुला आवडणारं सगळं. झोप नाही. आज सकाळी तन्वीनं हाक मारली ना? मी इथून ओ दिली."

रत्नप्रभाला बसायला जागा दिसेना. ती वायरींच्या भेंडोळ्यावर बसली.

"परत दे मला, उद्धव."

"शेट्यांना विचारलं. सोडलेलं परत धरता येत नाही म्हणतात. मी गेल्यावर माझ्या पोरांना." त्याचे डोळे लाल झाले होते. "मला यातलं काही कळत नाही, अक्का. नुसतं वाजतंय."

आई दारात येऊन उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ती आत आली आणि पेटीच्या पलीकडे खाली बसली.

"एक आहे," ती म्हणाली. "माझ्या माहेरचं. ते मोजणीत आलेलं नाही."

"आप्पांना माहीत नव्हतं?"

"लग्न झालं त्या आठवड्यात एकदा म्हटलं होतं. गावंढळ आहे म्हणाले. पुन्हा नाही म्हटलं." तिनं पदर सारखा केला. "पन्नास वर्षं झाली. सगळं येतंय का बघू."

"म्हण," रत्नप्रभा म्हणाली.

"पण आवडून घेऊ नकोस बाई."

आईनं सुरुवात केली. आवाज फाटका होता, पहिलीच ओळ दोनदा चुकली. रत्नप्रभाला ती ऐकू आली. शब्द, श्वास, चुकलेली जागा, सगळं. तिनं दात आवळले. आवाज किती घोगरा आहे, किती बेसूर आहे, हे ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पेटीवर उद्धवची बोटं पहिल्यांदाच शांत पडली होती. तो आईच्या तोंडाकडे बघत होता, हे गाणं अजून त्याच्या वाट्याला आलेलं नव्हतं, त्याला काही ऐकू येत नव्हतं, आणि त्याचा चेहरा हळूहळू सैल होत चालला होता.

तिसऱ्या ओळीला आईचा आवाज स्थिरावला. रत्नप्रभानं आईकडे बघायचं सोडून दिलं. ती उद्धवच्या बोटांकडे बघत राहिली. आई एका शब्दावर थांबली, तो शब्द तिनं वर उचलला, आणि पत्र्यावर उद्धवची करंगळी हलली.