सोबतिणीची सही

"ओ ताई, जरा थांबा," पालीच्या गाडीचा कंडक्टर आत्माराम स्टँड ओलांडून लगबगीने आला. "ती चंपा तुमच्याच वर्गात ना?"

मथुरेचा एक पाय मिरकरवाड्याच्या गाडीच्या पायरीवर होता. "हो. का हो?"

"तिचा डबा माज्या गाडीतनं यायचा. पंधरा दिस झाले, येत नाय. पन ती येतेय रोज. त्या बाकावर बसते, नळाचं पानी पिते नि जाते."

"खानावळ लावली असेल तिनं."

"खानावळ लावलेली मानसं भर दुपारी नळाला तोंड लावून बसत नायत. जरा बघा तुमी."

"बघते हं," मथुरा म्हणाली. गाडी सुटत होती. खिडकीजवळची जागा मिळाली, आणि मिरकरवाडा येईपर्यंत ते बोलणं तिच्या मनातून उतरलंही.

साल त्र्याऐंशी. दोघी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या, एकाच बाकावर. मथुरेचे वडील बर्फाच्या कारखान्यात कारकून, घर बंदरावरच्या मिरकरवाड्यात. चंपा पालीच्या आत दोन मैलांवरच्या वाडीतली. शिकायला म्हणून शहरात आनंदीबाई नावाच्या घरमालकिणीच्या मागच्या पडवीत ती खोली घेऊन राहायची. तिथे चूल पेटवायची परवानगी नव्हती. म्हणून तिची आई पहाटे उठून रांधायची, डबा पालीला गाडीवर द्यायची, आणि मधल्या सुट्टीत चंपा स्टँडवर जाऊन तो घ्यायची. पितळी डबा, वर लाल रंगात नाव. रात्रीपुरतं काढून घेतलं की तोच डबा दुपारच्या गाडीने रिकामा परत जायचा. वर्षभर असंच चाललं होतं.

त्या वर्षी आरोग्याच्या नव्या बाई पुण्याहून आल्या होत्या. हौशी होत्या. "उद्या तुम्ही शिक्षिका होणार. मुलांना समतोल आहार शिकवायचा तर आधी स्वतःचा तपासा," असं म्हणून त्यांनी प्रत्येकीला आहारवही ठेवायला लावली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार रकाने. काय खाल्लं, किती खाल्लं, त्यात प्रथिनं कुठली, जीवनसत्त्वं कुठली. आणि दर शनिवारी शेजारणीने वही वाचून खाली सही करायची. तिचं नाव बाईंनी ठेवलं होतं 'सोबतिणीची सही'.

थापा सगळ्याच मारत. मथुरा स्वतः भजी खाऊन वहीत पेरू लिहायची. चंपा सही करताना गालात हसायची. "कालचा पेरू तेलकट होता वाटतं गो. पानावर डाग पडलाय."

आत्मारामने हटकलं त्याच आठवड्यात, शनिवारी, मथुरेने चंपाची वही उघडली. अक्षर सुरेख होतं, फळ्यावर लिहितात तसं. 'सकाळी नाचणीची भाकरी व दूध. दुपारी भात, कुळथाचं पिठलं, काकडीची कोशिंबीर. सायंकाळी भुईमुगाचे दाणे, केळे. रात्री भात व ताज्या बांगड्याचे कालवण.'

मथुरा थबकली. आषाढ चालला होता, मासेमारी बंद होती. मिरकरवाड्यातल्या होड्या माडाच्या झापांखाली झाकून किनाऱ्यावर पडल्या होत्या. पुरुष पडवीत जाळी विणत होते. तिच्या स्वतःच्या घरी महिनाभर सुकटीशिवाय काही शिजलं नव्हतं.

"चंपे, कुठल्या दर्यात भेटला गो तुला हा ताजा बांगडा?"

चंपाचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ती हसली. "खारा गो. लिहिताना चुकलं. पुण्याच्या बाईंना काय कळतंय?"

"आनंदीबाईंनी दिला?"

"हो ना. सही कर पटकन, घंटा होईल."

हसताना चंपाच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या. मथुरेला ते दिसलं. मनगटातली काचेची बांगडी कोपरापर्यंत सरकत होती, तेही दिसलं. आत्माराम काहीतरी म्हणाला होता, तेही आठवलं. पण विचारायचं कसं? आणि चंपाने उलट विचारलं असतं, की तुझा पेरू कुठल्या झाडाचा? मथुरेने सही केली. सोमवारी बाईंनी त्या पानावर लाल शाईने लिहिलं, 'उत्तम. आदर्श आहार.' आणि वही वर्गात सगळ्यांना दाखवली.

श्रावणात, नारळी पौर्णिमेला आठ दिवस असताना, कवायतीच्या तासाला चंपा पटांगणावर कोसळली. अंग तव्यासारखं तापलं होतं. ताप आठवड्याचा असावा, तिने कुणाला सांगितलं नव्हतं. शिपाई धोंडू आणि मथुरा तिला रिक्षातून सरकारी इस्पितळात घेऊन गेले.

डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली. "विषमज्वर दिसतोय. पण रक्त कुठाय हिच्या अंगात? काय खात होती ही?"

मथुरेला दुसरं काही सुचलं नाही. तिने चंपाच्या दप्तरातून वही काढून पुढे केली.

डॉक्टरांनी एक पान वाचलं. दुसरं वाचलं. मग खाटेवरचा हात दोन बोटांत धरून पाहिला, आणि वही मिटून मथुरेला परत दिली.

चंपा तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिची आई, जाईबाई, पालीच्या गाडीने बाराला पोचली. पावसाने ओढे भरले होते, म्हणून निरोपच उशिरा मिळाला होता. मांडीवर तो पितळी डबा घेऊन ती इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसली. रडली नाही. मथुरा शेजारी जाऊन बसली.

"पेज आनलीय," जाईबाई म्हणाली. "तापात पेज बरी पडते."

तिने डब्याचं झाकण पदराने पुसलं. "डबा तिनंच बंद केलान. पत्र घातलान, कॉलेजच्या हॉस्टेलात भायेरच्या पोरींना पन जेवान चालू झालाय, डबा नको. गिरणीच्या संपानं हिचा बापूस मुंबयसून घरी बसलाय, कणगी खाली गेली, धाकटी तीन हायत. मना वाटला, ही आपलं पोट मारतेय. मी सांगून धाडलं, खोटं नको बोलू गो."

"मग?"

"मग रविवारची घरी आली नि वही दावलान. धाकट्यानं वाचून दाखवलान सगळी. भात, दूध, केळा, म्हावरा." जाईबाईने मथुरेकडे पाहिलं. "खाली सही होती. म्हनाली, आय, दुसरी पोरगी बगते नि मग सही करते. खोटं असतं तर केलान असतान काय सही?"

मथुरेच्या पिशवीत ती वही होती.

"ती सही तुजीच ना गो, बाय?"

"माझीच."

"म्हंजे तू बगितलंस. खाल्लान ना तिनं?"

व्हरांड्यात कुणीतरी बादली ओढत नेत होतं. मथुरेने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "हो, मावशी. खाल्लं."

जाईबाईने मान हलवली, दोनदा.

वाडीतली माणसं टेम्पो घेऊन आली. जाईबाई चंपापाशी बसून गेली, आणि डबा बाकावर राहिला. मथुरा तो घेऊन स्टँडवर गेली. आत्मारामने सवयीने डबा हलवून पाहिला. दुपारचा परतीचा डबा आत वाटी खडखडत जायचा. हा वाजला नाही. त्याने झाकण दाबून बसवलं, डबा इंजिनाच्या बॉनेटवर नेहमीच्या जागी ठेवला आणि बेल दिली. मथुरेला तो चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

याला सहा वर्षं झाली. मथुरेला आता दीड वर्षाची मुलगी आहे. वजन भरत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काय खाते ते लिहून ठेवा. मथुरा लिहिते. पण घास गिळल्यावर पोरीचं तोंड उघडून पाहते, तेव्हाच लिहिते. नवरा हसतो. सासू म्हणते, पोरीला खाऊ दे सुखानं. मथुरा ऐकून घेते. तिची ती वही कुणी तपासत नाही, आणि खाली सहीला तिने जागाच ठेवलेली नाही.

आणि तुम्ही हे वाचताय, म्हणून तिचं एक मागणं आहे. तुमच्या मागच्या पडवीत, माळ्यावर, शेजारच्या खोलीत शिकायला आलेली एखादी पोर राहत असेल. तिला जेवलीस का म्हणून विचारू नका. ती हो म्हणेल. आज जरा उठा, तिच्याकडे जा, आणि तिच्या डब्याचं झाकण उघडून बघा.