स्पिरिटरावांचे मासे
स्पिरिटरावांचं खरं नाव रुग्णालयात कुणाच्या लक्षात नव्हतं. शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायच्या विभागाचे ते प्रमुख. त्यांच्या हाताखालून गेलेल्या चिमट्यावर जंतू जिवंत राहील, अशी जंतूची काय बिशाद! एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं, पण गृहस्थांना घरीही चैन पडत नसे. दाराच्या कड्या ते स्पिरिटने पुसत, पाहुण्यांना आधी हात धुवायला लावत. मुलगी नोकरी लागल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहायला गेली, तेव्हा तिच्या खोलीत पहिलं पाऊल टाकताच त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट तिच्या मैत्रिणींना दाखवलं. मुलगी तेव्हा काही बोलली नाही. त्यानंतरही बोलली नाही.

फोन यायचा तो आईला. "बाबांना सांग, माझ्या माशांना जास्त खायला घालू नका म्हणावं." स्पिरिटराव समोरच बसून ऐकायचे, आणि तरी बायको फोन ठेवून तेच पुन्हा त्यांना ऐकवायची. खोली लहान म्हणून तिचे तीन सोनेरी मासे टाकीसकट इथेच राहिले होते. बापलेकीत आता तेवढाच धागा उरला होता. माशांना काही झालं तर तोही तुटेल, या भीतीने स्पिरिटरावांचा जीव खालीवर व्हायचा.

म्हणून त्यांनी टाकी साफ केली.

साफ म्हणजे कशी, ते विचारू नका. सगळं पाणी फेकलं, तळाचे खडे उकळले, काच घासली. फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत स्पंज पाहून तर त्यांना शिसारी आली. तो त्यांनी चक्क विभागात नेला आणि हत्यारांबरोबर वाफेच्या यंत्रात घालून काढला. टाकी अशी लख्ख झाली की मासे हवेतच पोहताहेत असं वाटावं. त्यांनी मोठ्या अभिमानाने बायकोला बोलावून दाखवली.

"छान," ती म्हणाली. "आता माशांना हातमोजे तेवढे घाला."

थोड्याच दिवसांत मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून हवा गिळू लागले. स्पिरिटरावांनी काय करावं? टाकी पुन्हा साफ केली. मासे आणखीच मलूल झाले. शेवटी बायकोने लेकीला फोन लावून तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. लेकीने कपाटातल्या तपासणीच्या बाटल्या काढायला लावल्या. टाकीचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात थेंब टाकायचे. निळं राहिलं तर ठीक. ते बघता बघता गडद जांभळं झालं, आणि बायकोने तसं फोनवर सांगितलं.

"नायट्राइट वाढलंय!" मुलगी ओरडली. "आई, बाबांनी स्पंज धुतला का, विचार."

"धुतला नाही," स्पिरिटराव दुखावल्या स्वरात म्हणाले. "निर्जंतुक केला."

पलीकडून आईला वगळून आवाज थेट आला. "बाबा! अहो, त्या स्पंजातच जंतू राहतात. माशांच्या घाणीतून नायट्राइटचं विष होतं, ते खाऊन टाकणारे जंतू! तुम्ही नेमके तेच मारलेत!"

जन्मभर ज्या कामाची शाबासकी मिळवली, त्याच कामासाठी स्पिरिटराव बोलणी खात होते. पण लेक आपल्याशी बोलतेय, या आनंदात त्यांना ती बोलणीही गोड लागली.

"आता ऐका. थोडंच पाणी बदला, सगळं नाही, आणि तेही क्लोरीन उडालेलं. दुकानदार सांगेल तेवढं मीठ घाला. खाणं अगदी कमी. कुठल्या तरी जुन्या टाकीतला घाणेरडा स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. बाकी कशालाही हात लावायचा नाही. आणि रोज संध्याकाळी मला रंग सांगायचा."

स्पिरिटराव माशांच्या दुकानात गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्याकडचा सगळ्यात घाण स्पंज द्या."

"साहेब," दुकानदार म्हणाला, "अशी फर्माईश आजवर कुणी केली नव्हती."

पिशवीतून तपकिरी पाणी ठिबकत होतं. बसमध्ये शेजारचा माणूस नाक मुरडून उठून गेला. स्पिरिटरावांनी पिशवी मांडीवर आणखी घट्ट धरली.

रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. "रंग?" "जांभळा." "किती?" "वांग्याइतका." पहिले काही दिवस एवढंच. मग ती आईचे गुडघे विचारू लागली, ऑफिसातल्या साहेबाच्या तक्रारी सांगू लागली, एकदा तर साहेबाची नक्कल करून बापाला हसवलंन. खोली झाडतेस का, हे विचारायचं त्यांनी दर वेळी जीभ चावून टाळलं. काचेवर हिरवं शेवाळ धरलं होतं. त्याकडे ते पाठ करून बसत.

आणि एका संध्याकाळी नळी निळी झाली. मासे वाचले! त्यांना आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण मग उद्यापासून लेकीला सांगायचं काय? तेवढ्यात फोन वाजला.

"रंग?"

"जांभळा," स्पिरिटराव म्हणाले.

बायकोने निळ्या नळीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ती भाजी निवडू लागली.

कामावर कधी खोटी नोंद न केलेला हा माणूस मग रोज सराईतपणे जांभळा रंग सांगत राहिला, कधी जरा फिका, कधी जरा गडद. इतकं विष पिऊन मासे तगले कसे, हे मुलीला कळेना. एका सुटीच्या दिवशी तीच न कळवता दारात उभी राहिली. चप्पल काढून सरळ टाकीपाशी गेली. मासे धडधाकट होते, खायला मिळेल म्हणून काचेशी धडका देत होते. तिने नळी भरली, थेंब टाकले, हलवली. स्पिरिटरावांचे कान तापले.

पाणी निळंशार.

"बाबा, हे कधीपासून?"

"झाले बरेच दिवस." स्पिरिटराव म्हणाले. "खरं सांगितलं असतं, तर तू फोन कशाला केला असतास?"

मुलगी नळी घेऊन खिडकीशी गेली, उजेडात धरून तिने ती बराच वेळ निरखली.

"जांभळंच दिसतंय मला," ती म्हणाली. "उद्या पुन्हा बघून सांगा."